मेगाहर्ट्झ, बँड आणि स्पेक्ट्रम: मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलच्या खोक्यावर, डिशच्या मेनूत, रेडिओच्या पट्टीवर, फवारणीच्या ड्रोनच्या माहितीपत्रकात, सगळीकडे मेगाहर्ट्झ आणि बँड हे शब्द दिसतात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि हौसेने हॅम रेडिओ (परवाना घेऊन हौशी माणसाने चालवायचा बिनतारी संच) चालवतो. शाळांमध्ये, शेतकरी मेळाव्यांत आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एका ठिकाणी लिहिली आहेत. 'रेंज नाही' एवढंच म्हणून गप्प बसण्यापेक्षा 'कुठल्या बँडची रेंज नाही' असं आपल्या माणसांना विचारता आलं पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप.

फ्रिक्वेन्सी म्हणजे नेमकं काय?

रेडिओलहरीत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र सतत वर-खाली होत असतं. एका सेकंदात हे आंदोलन जितक्या वेळा पूर्ण होतं, ती त्या लहरीची फ्रिक्वेन्सी. शाळेच्या पुस्तकात तिला वारंवारता म्हणतात. मोजायचं एकक हर्ट्झ. हजार हर्ट्झ म्हणजे एक किलोहर्ट्झ, दहा लाख म्हणजे एक मेगाहर्ट्झ आणि शंभर कोटी म्हणजे एक गिगाहर्ट्झ.

परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर, म्हणजे तिथल्या मनोऱ्यावर वीज सेकंदाला १३ लाख ५ हजार वेळा वर-खाली होते. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झला हा आकडा १० कोटी होतो, मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झला १८० कोटी.

सगळ्या रेडिओलहरी सारख्याच वेगाने जातात, सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर. त्यामुळे आंदोलनं जितकी जास्त, तितकी एका लहरीची लांबी कमी. हिशोब तोंडी करता येतो: ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटरची, ९०० ची साधारण ३३ सेंटिमीटरची आणि ३३०० ची जेमतेम ९ सेंटिमीटरची. हा एक भागाकार लक्षात ठेवा. खालची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

हर्ट्झ हे कुणाचं नाव आहे?

हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं. १८८६ ते १८८८ या काळात त्यांनी कार्ल्सरूहेच्या प्रयोगशाळेत रेडिओलहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. पुढे १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. आज फाइव्हजीच्या सर्वांत वरच्या बँडची चर्चा होते त्या जातीच्या या लहरी. आपल्या मुलांना ही दोन्ही नावं एकत्र सांगायला हवीत. जुन्या रेडिओच्या पट्टीवर 'किलोसायकल' लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, किलोसायकल आणि किलोहर्ट्झ एकच.

मग बँड म्हणजे काय, आणि स्पेक्ट्रम म्हणजे काय?

सगळ्या फ्रिक्वेन्सी मिळून जे शिवार होतं ते स्पेक्ट्रम, आणि त्यातला बांध घालून वेगळा केलेला एकेक पट्टा म्हणजे बँड. कोणता पट्टा कुणी कशासाठी वापरायचा हे सातबाऱ्यासारखं नोंदलेलं असतं आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये थोडी जागा रिकामी सोडलेली असते, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्यात मिसळत नाही.

रेडिओच्या कामाचं स्पेक्ट्रम साधारण ३ किलोहर्ट्झपासून ३०० गिगाहर्ट्झपर्यंत धरतात. आकाशवाणीचा मिडियम वेव्ह त्यात अगदी खाली, ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. ३ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये शॉर्टवेव्ह येतो. ३० ते ३०० ला व्हीएचएफ म्हणतात. एफएमचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि चिकलठाण्याला उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकाचं नियंत्रण कक्षाशी होणारं बोलणं यातच. ३०० मेगाहर्ट्झपासून ३ गिगाहर्ट्झपर्यंत यूएचएफ. मोबाइल, वायफाय, जीपीएस यांची सर्वांत जास्त गर्दी इथेच आहे. त्याच्या वर डिश, रडार आणि फाइव्हजीचा बराचसा भाग.

रेडिओवर '२२९.९ मीटर अर्थात १३०५ किलोहर्ट्झ' असे दोन आकडे का सांगत?

गोष्ट एकच, मोजमाप दोन. ३०० ला १.३०५ ने भागून बघा, २२९.९ मीटर येतात. पूर्वीच्या रेडिओवर पट्टी मीटरमध्ये छापलेली असे. सिलोन ऐकणारी पिढी '४१ मीटर' म्हणायची, ते ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचं ठिकाण.

यातच मुलांना फार आवडणारी एक गंमत आहे. परभणीच्या १३०५ चे अंक मिळवा: ९. पुण्याचा ७९२ घ्या: १८, त्याचे पुन्हा ९. नागपूरचा ५८५, मुंबईचा ५५८, सांगलीचा १२५१, सगळ्यांचं उत्तर ९. आपल्याकडचं मिडियम वेव्हचं प्रत्येक केंद्र नऊच्या पाढ्यातच सापडतं, कारण आशिया, युरोप आणि आफ्रिकेने दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचं असं ठरवलं आणि १९७८ पासून ते लागू केलं. अमेरिका खंडात हे अंतर १० आहे, म्हणून तिथले आकडे शून्यावर संपतात. देशोदेशींचा करार आपल्या घरातल्या रेडिओच्या काट्यावर असा दिसतो.

मराठवाड्याचं रेडिओशी नातं जुनं आहे. निजामाच्या काळात हैदराबादप्रमाणे औरंगाबादेतही रेडिओ केंद्र होतं आणि १९५० मध्ये संस्थानांची केंद्रं ऑल इंडिया रेडिओकडे आली त्यांत तेही होतं. तेव्हा रेडिओ ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. १९८० च्या दशकात ही अट गेली.

रात्री जुन्या रेडिओवर कुठली कुठली केंद्रं लागतात, दिवसा का नाही?

जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटरवर हवेचा एक थर दिवसा उन्हाने विद्युतभारित होतो आणि मिडियम वेव्हची लहर शोषून घेतो. दिवस मावळला की हा थर विरतो. मग लहर आणखी वर जाते, त्याच्या वरच्या थरावरून परतते आणि शेकडो किलोमीटरवर उतरते. म्हणून दिवसा परभणीचं केंद्र जमिनीला धरून येतं, आणि रात्री काटा फिरवला की दक्षिणेतल्या, उत्तरेतल्या भाषा ऐकू येतात. एफएम किंवा मोबाइलच्या लहरींवर या थरांची पकड नसते. त्या आरपार अवकाशात निघून जातात.

आभाळ आलं की रेडिओ खरखरतो. तो बिघडला का?

नाही. वीज कडाडते तेव्हा तिच्यातून खालच्या फ्रिक्वेन्सीच्या रेडिओलहरी मोठ्या जोराने बाहेर पडतात आणि मिडियम वेव्हच्या रेडिओत खर्रकन आवाज येतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप याच तत्त्वावर चालतं: ठिकठिकाणचे संवेदक विजेची लहर पकडतात आणि वीज कुठे पडली ते शोधतात.

मराठवाड्यात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात वीज पडून शेतात माणसं आणि जनावरं दगावतात. सोयाबीन काढायला गेलेल्या माणसाजवळ ॲप नसलं आणि मिडियम वेव्हचा रेडिओ असला, तरी खरखर वाढत चालली की झाडाखालून उठावं आणि पक्क्या घरात यावं. एफएमवर ही खरखर जवळजवळ येत नाही. ऐकायला ते बरं, पण ही सूचना तिथे मिळत नाही.

एफएम शहराबाहेर गेलं की का संपतं?

व्हीएचएफची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, डोंगराला फारसा वळसा घालत नाही. मनोरा १०० मीटर उंच असेल तर सपाट मुलखात त्याचं क्षितिज साधारण ४० किलोमीटरवर. म्हणून प्रक्षेपणासाठी उंच जागा शोधतात. दूरदर्शनचा मनोरा म्हैसमाळला आहे तो यासाठीच. सामुदायिक रेडिओची तर शक्तीच मोजकी ठेवलेली असते, त्यामुळे तो पाच-दहा किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो. तो त्या परिसरापुरताच असावा असं धोरण आहे.

मोबाइलवर एफएम लावताना इअरफोन जोडायला सांगतात, कारण इअरफोनची वायर हाच अँटेना. एफएमची लहर ३ मीटरची, तिचा पाव भाग ७५ सेंटिमीटर, आणि वायर तेवढी तरी लांब असतेच.

फाइव्हजी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ का?

नाही. हा घोटाळा सर्वांत जास्त लोकांचा होतो. 'जी' म्हणजे पिढी: टूजी दुसरी, फोरजी चौथी, फाइव्हजी पाचवी. पिढी म्हणजे माहिती लहरीवर कशी बसवायची याची पद्धत. बँड म्हणजे ती लहर कोणती. एकच पिढी वेगवेगळ्या बँडवर चालू शकते. भारतात फाइव्हजी ७०० मेगाहर्ट्झवरही आहे, ३३०० वरही आहे आणि २६ गिगाहर्ट्झही त्यासाठी विकलं गेलं आहे. या तिन्ही लहरींचा स्वभाव इतका वेगळा आहे की त्यांना एका नावाने ओळखून गावकऱ्याच्या हाती काही लागत नाही.

उलट, घरच्या वायफायवर '५जी' असं लिहून येतं ते मात्र खरोखर ५ गिगाहर्ट्झच असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्हजीशी संबंध नाही.

टॉवर गच्चीवरून दिसतो, तरी घरात रेंज का नाही?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायलाच हवं, कारण तालुक्याच्या गावाबाहेर रोजचं दुखणं हेच आहे.

खालच्या फ्रिक्वेन्सीची लांब लहर अडथळ्याला वळसा घालून जाते, भिंतीतून कमी खर्ची पडते आणि लांब पोचते. वरच्या फ्रिक्वेन्सीची आखूड लहर पटकन अडते. मग कंपन्या वरचे बँड वापरतात कशाला? कारण तिथे जागा मोठी आहे. ७०० किंवा ९०० मध्ये एखाद्या कंपनीच्या वाट्याला ५-१० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा येतो, तर ३३०० मध्ये १०० मेगाहर्ट्झसुद्धा येतो. पट्टा रुंद असला की एकाच वेळी जास्त माहिती जाते. म्हणजे खालचा बँड लांब पोचतो आणि वरचा बँड जास्त वाहून नेतो. दोन्ही गुण एका बँडमध्ये सापडत नाहीत.

आता आपली घरं बघा. जुन्या माळवदाच्या घराची भिंत दोन फुटांची, दगड-मातीची, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा असतो, पण २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीला माजघरापर्यंत पोचणं अवघड. पत्र्याच्या घरात तर धातूच आहे, तो लहर परतवून लावतो आणि जे काही येतं ते दार-खिडकीतून. शेतात उसाचा फड उभा असला की ओली पानं वरच्या बँडची लहर शोषतात, म्हणून फडात शिरल्यावर फोरजी जातं आणि साधा कॉल मात्र लागतो. बालाघाटाच्या रांगांमधल्या वाड्या-तांड्यांवर डोंगराची सावली पडते, तिथे ७०० आणि ९०० सुद्धा थकतात. तिथे जवळ टॉवर हाच उपाय.

दुसरी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. टॉवरचा आवाज मोठा असतो, आपल्या फोनचा लहान. फोनवर दोन काड्या दिसतात म्हणजे टॉवर आपल्याला ऐकू येतोय. आपण टॉवरला ऐकू जातोय असं त्यावरून ठरत नाही. 'तुझा आवाज तुटतोय' असं पलीकडचा म्हणतो आणि आपल्याला त्याचा स्वच्छ येतो, ते यामुळे.

म्हणून टॉवर आहे की नाही एवढंच विचारू नका. त्या टॉवरवर कोणत्या बँडचे अँटेना चालू आहेत, ते विचारा. एकाच उंचीच्या दोन टॉवरपैकी एकावर फक्त २३०० आणि दुसऱ्यावर ९०० सुद्धा असेल, तर आपल्या माजघराच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

माझा फोन कोणते बँड पकडतो हे कसं कळेल?

फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर 'बँड १, ३, ५, ८, ४०...' अशी यादी असते. हे जगभर ठरलेले क्रमांक आहेत, त्यांचा मेगाहर्ट्झशी थेट आकडेमोडीने संबंध लागत नाही. आपल्याकडे उपयोगी पडणारे सांगतो: बँड २८ म्हणजे ७००, बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड ३ म्हणजे १८००, बँड १ म्हणजे २१००, बँड ४० म्हणजे २३०० आणि बँड ४१ म्हणजे २५००. फाइव्हजीच्या क्रमांकाआधी 'एन' लावतात: एन२८ म्हणजे ७०० आणि एन७८ म्हणजे ३३०० पासूनचा पट्टा.

जुना फोरजी फोन वापरणाऱ्यांनी बँड २८ नक्की तपासावा. बीएसएनएलचं फोरजी ७०० आणि २१०० वर आहे. ज्या फोनमध्ये बँड २८ नाही तो ७०० ची लहर पकडूच शकत नाही. शेजाऱ्याच्या फोनवर फोरजी आणि आपल्या फोनवर काहीच नाही, सिम दोघांचं एकच, असं झालं की सिम बदलायला धावण्याआधी ही यादी वाचा.

रेंज वाढवायला ऑनलाइन मिळणारा बूस्टर लावला तर चालेल का?

अजिबात लावू नका. परवान्याशिवाय असा रिपीटर ठेवणं आणि वापरणं कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. बूस्टर आपल्या फोनचा आवाज वाढवतो तसाच आजूबाजूचा गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवतो. टॉवरचं 'ऐकणं' बिघडतं आणि आपल्या घरात दोन काड्या वाढताना अख्ख्या गावाचे कॉल तुटतात. त्या गावात कुणी १०८ ला फोन लावत असेल, त्याचाही. घरात ब्रॉडबँडची केबल आली असेल तर फोनमधली वायफाय कॉलिंगची सोय चालू करा. तिला परवाना लागत नाही आणि त्रासही कुणाला होत नाही.

विहिरीवरची मोटार फोनवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाइल स्टार्टरला कोणतं सिम घ्यावं?

स्टार्टरच्या डब्यावर आधी 'टूजी' आहे की 'फोरजी' ते बघा. बाजारातले बरेच स्वस्त स्टार्टर टूजीचे आहेत आणि ते ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या टूजी नेटवर्कवरच चालतात. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे ते सिम अशा डब्यात चालत नाही. विहिरीवर स्वतः उभं राहून, फोन टूजीवर टाकून कोणती कंपनी येते ते तपासा आणि मगच सिम घ्या. स्टार्टरचा अँटेना पत्र्याच्या पेटीच्या आत कोंबून ठेवू नका. तेवढी वायर बाहेर काढली तर थ्री फेजच्या रात्रीच्या पाळीला अंधारात विहिरीवर जायची वेळ पुष्कळदा टळते.

पाऊस आला की डिश का जाते?

छोट्या डिशचे चॅनल केयू बँडवर येतात, साधारण ११ गिगाहर्ट्झच्या आसपास. ही लहर पावणेतीन सेंटिमीटरची. पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. पूर्वी केबलवाल्याकडे जी मोठी जाळीची डिश असायची ती सी बँडची, जवळपास ४ गिगाहर्ट्झ. तिची लहर साडेसात सेंटिमीटरची, म्हणून पावसातही तिचं बरं चालायचं.

डिशवाला बॉक्समध्ये 'टीपी' (उपग्रहावरच्या ट्रान्सपाँडरची, म्हणजे प्रक्षेपकाची फ्रिक्वेन्सी) टाकतो तेव्हा ११०९० असा आकडा घालतो, तो मेगाहर्ट्झचा. एवढी वरची लहर केबलमधून घरात आणता येत नाही. म्हणून डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी त्यातून ९७५० वजा करतो आणि खाली १३४० मेगाहर्ट्झ पाठवतो.

थेंबांचा हाच गुण हवामानाच्या रडारला कामी येतो. लहर सोडायची आणि थेंबांवरून किती परत येते ते मोजायचं. २०१५ च्या दुष्काळात मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला तेव्हा औरंगाबादला सी बँडचं डॉप्लर रडार बसवलं होतं. विमान कोणत्या ढगाकडे न्यायचं हे त्यावर बघून ठरे.

हवेतल्या लहरी सरकार विकतं कशी? त्या आहेत कुणाच्या?

आपल्या सगळ्यांच्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हेच सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा. सरकार विकतं तो मालकीहक्क नव्हे, ठरावीक वर्षांचा वापराचा हक्क. २०१२ मध्ये न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले आणि त्यानंतर मोबाइलचं स्पेक्ट्रम लिलावानेच द्यायची पद्धत घट्ट झाली. २०२२ च्या लिलावात दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या.

लिलाव परिमंडळानुसार होतो. मराठवाड्याचं वेगळं परिमंडळ नाही. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक. म्हणजे कंपनीने ९०० चा पट्टा घेतला की तो पुण्यालाही तिचा आणि औंढ्याच्या डोंगरातही तिचाच. पुण्यात वापरला आणि इथे तसाच पडू दिला, तर त्या फ्रिक्वेन्सीवर इथे दुसरी कंपनीही येऊ शकत नाही. माझ्या मते मागास भागाचा खरा प्रश्न हाच आहे. आपल्या मालकीची लहर आपल्याच शिवारात निकामी पडून राहते आणि ती मागायची कशी हे आपल्याला माहीत नसतं.

कोणता बँड कशाला हे देशात दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा ठरवते. जगाच्या पातळीवर हे काम आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे आहे.

परवाना न लागणारे बँडही असतात का?

असतात. वायफाय आणि ब्लूटूथचा २.४ गिगाहर्ट्झ त्यांतला सर्वांत परिचित. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच सुमाराला, २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणून तो चालू असताना जवळचं वायफाय अडखळतं. टोलनाक्यावरचा फास्टॅग ८६५ मेगाहर्ट्झपासूनच्या छोट्या पट्ट्यात आहे. शेतातल्या ओलाव्याचे संवेदकही त्याच पट्ट्यातून काही किलोमीटरवर माहिती पाठवू शकतात.

वॉकीटॉकीचं मात्र जपून. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी शक्तीच्या, मान्यता असलेल्या संचांना परवाना लागत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, कोणतीही फ्रिक्वेन्सी लावता येणारे संच त्यात बसत नाहीत. दिंडीच्या किंवा जत्रेच्या बंदोबस्तासाठी स्वयंसेवक भाबडेपणाने ते आणतात आणि पोलिसांच्या वायरलेसमध्ये व्यत्यय आणतात.

औंढा नागनाथला होणारी लायगो ही रेडिओ दुर्बीण आहे का?

नाही. एकक हर्ट्झच असल्यामुळे हा गोंधळ होतो. हिंगोली जिल्ह्यातल्या या प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि लेसरच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी मोजल्या जातील. या लहरी विद्युतचुंबकीय नसतातच, तर अवकाशाचंच ताणणं-आकसणं असतं. अशी लहर अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा सापडली, तेव्हा तिची वारंवारता ३५ हर्ट्झपासून सुरू होऊन क्षणार्धात २५० पर्यंत चढली.

रेडिओ दुर्बीण बघायची असेल तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जा. जीएमआरटी या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश तिथे आणि आसपासच्या परिसरात आहेत. अवकाशातला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर जी लहर सोडतो तिचाही शोध तिथे घेतला जातो.

टॉवरच्या लहरींनी कॅन्सर होतो का?

ही भीती मी हलक्यात घेत नाही, कारण घराशेजारी टॉवर उभा राहिल्यावर आई-बापांना झोप न येणं मी पाहिलं आहे. जे ठाऊक आहे ते असं. पेशीतला रेणू तोडायला लागणारी ऊर्जा अतिनील किरणांच्या आसपास सुरू होते आणि मोबाइलची फ्रिक्वेन्सी त्याच्या लाखो पट खाली आहे. तिचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मर्यादा त्यावरूनच ठरवल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'शक्यता असू शकेल' अशा २बी गटात ठेवलं, म्हणजे पुरावा अपुरा आहे, अभ्यास चालू ठेवावा. भारताने २०१२ मध्ये टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली.

शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर टॉवरची माहिती बघता येते आणि ४००० रुपये भरून मोजणीही मागता येते.

डोक्याला जास्त लहर मिळते ती कानाला लावलेल्या फोनमधून, आणि टॉवर लांब असेल तर फोन जास्त जोर लावतो. म्हणून रेंज कमी असताना स्पीकरवर किंवा इअरफोनवर बोला. स्टार हॅश ०७ हॅश दाबल्यावर फोनचं एसएआर मूल्य, म्हणजे शरीर त्याची किती लहर शोषतं याचं मोजमाप, दिसतं. ते किलोला १.६ वॉटच्या आत असायला हवं.

हॅम रेडिओचा आजच्या काळात काय उपयोग?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं घरांच्या दगड-मातीखाली गेली. तेव्हा हॅम रेडिओवाले भूकंपग्रस्त भागात आले आणि निरोपांची ने-आण त्यांनी सुरू केली.

एवढ्या कामाला लागतं काय? बारा व्होल्टची गाडीची बॅटरी, एक संच आणि एक तार. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीची निम्मी लांबी साधारण वीस मीटर. तेवढी तार मधोमध तोडून दोन झाडांमध्ये बांधली की अँटेना तयार. तार फार उंच नसली तरी बिघडत नाही. लहर सरळ वर जाते आणि दिवसा वरच्या थरावरून परतून तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात उतरते. मध्ये टॉवर नाही, केबल नाही, कंपनी नाही. किल्लारी ते लातूर, लातूर ते मुंबई, सगळं याच एका तारेवरून. गावाच्या आत वापरायला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचे हातात मावणारे संच असतात.

वय १२ पूर्ण झालं की परीक्षा देता येते. रेडिओचं प्राथमिक ज्ञान आणि नियम एवढाच रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा अभ्यास आहे, तो परवाना मिळालेल्यांचं ओळखीचं चिन्ह (कॉल साइन) व्हीयू३ ने सुरू होतं. जनरल श्रेणीचं व्हीयू२ ने, त्याला मोर्स कोडही यावा लागतो. मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्याला निदान एका शाळेत असा संच आणि तो चालवणारी मुलं असावीत असं मला मनापासून वाटतं.

रेंजची तक्रार करताना काय लिहायचं?

'आमच्या गावात रेंज नाही' अशा अर्जाला 'सर्वेक्षण चालू आहे' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी गावाची नेमकी जागा, म्हणजे नकाशावरचे अक्षांश-रेखांश द्या. ती माहिती जीपीएस देतो आणि तो स्वतः १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकतो. कोणत्या वेळी, घरात की बाहेर, कोणत्या फोनवर हे लिहा. फोनवर सिग्नलचा आकडा 'डीबीएम'मध्ये दिसतो, सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत. तो उणे असतो: फोरजीवर उणे ९० बरा, उणे ११५ च्या पलीकडे कॉल टिकत नाही. गावातल्या चार ठिकाणांचे आकडे आणि चालू बँड लिहून घ्या. बँड दाखवणारी मोफत ॲप मिळतात.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कुठे कोणतं नेटवर्क आहे याचा नकाशा द्यावा लागतो. त्या नकाशावर आपलं गाव हिरवं दिसत असेल आणि फोनवर उणे ११८ येत असेल, तर दोन्हींचे फोटो अर्जाला जोडा. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्या, तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ग्रामपंचायतीचा ठराव सोबत असेल तर त्यात नुसता टॉवर मागू नका. असं लिहा: 'सध्याच्या टॉवरवर ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा बँड चालू करावा, अथवा तो का चालू करता येत नाही ते लेखी कळवावं.'